रत्नदोष

जगांतील वस्तूंची शुभ आणि अशुभ अशी वांटणी करण्याची मनुष्याची हौस फार जुनी आहे. घुबड, मांजर, तेराचा आंकडा, अमावास्येची रात्र यांच्यावर आजवर जे आरोप लादले गेले त्यांची नुसती यादी केली तरी एक ग्रंथ होईल. आणि त्या ग्रंथांत एक मोठें प्रकरण रत्नांसाठीं राखून ठेवावें लागेल. नीलम बोटांत घालण्यापूर्वीं तो कांहीं रात्री उशाखालीं ठेवून स्वप्नें कशीं पडतात हें पाहणारे सुशिक्षित गृहस्थ पुष्कळांच्या परिचयांत असतील. अशा समजुतींची थट्टा करणें सोपें आहे, आणि ती आजवर पुरेशी झालेलीही आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु तो नव्हे. एखादी वस्तु अशुभ आहे असें म्हणतांना मनुष्य नेमका कोणता प्रश्न विचारीत असतो, आणि तो विचारण्याच्या भरांत कोणता दुसरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

अशा चर्चेंत एखादी मूर्त वस्तु समोर असली म्हणजे विचार भरकटत नाहीं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत घडविलेली एक अंगठी आपण डोळ्यांपुढें आणूं. अशा अंगठ्या त्या काळीं पुष्कळ झाल्या आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत त्या आजही विकावयास येतात. अठरा कॅरटचें सोनें. वरच्या अर्ध्या वळ्यांत पांच ओपल एका ओळीनें बसविलेले, त्यांत मधला सर्वांत मोठा. आणि दोन ओपलांच्या सांध्यांत जी चिंचोळी जागा उरते तींत बारीक हिरकण्या. या हिरकण्यांचे पैलू आजच्या हिऱ्यांसारखे गणितानें ठरविलेले नसतात. मार्सेल टॉल्कोव्स्की यानें हिऱ्याच्या पैलूंचें आदर्श प्रमाण मांडणारा आपला ग्रंथ १९१९ सालीं प्रसिद्ध केला. त्यापूर्वींचा कारागीर बहुतांशीं डोळ्याच्या अंदाजानें, आणि मूळच्या खड्याचें वजन शक्य तितकें राखून, पैलू पाडीत असे. त्यामुळें जुना हिरा विजेच्या दिव्याखालीं थोडा मंद वाटतो, पण मेणबत्तीच्या उजेडांत त्याच्या पोटांतून सावकाश, रुंद अशी चमक निघते. रसिकांना या जुन्या अंगठ्यांची भुरळ पडते, आणि ती अस्थानीं आहे असें मला मुळींच वाटत नाहीं.

गंमत अशी कीं, या एका अंगठींत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन रत्नांची लोकांतील कीर्ति परस्परांच्या अगदीं उलट आहे. हिरा म्हणजे अक्षय, निर्मळ, विवाहाच्या वचनाला साजेसा. ओपल म्हणजे चंचल, अपशकुनी, ऑक्टोबर महिन्यांत जन्मलेल्यांखेरीज इतरांनीं अंगाला लावूं नये असा. एकाच कोंदणाखालीं एक पुण्यवान आणि एक पापी. तेव्हां न्यायाधीशाच्या आसनावर क्षणभर बसून दोघांचेही पूर्वेतिहास तपासून पाहणें योग्य होईल.

प्रथम ओपल. त्याचें नांव बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मतें आपल्याच देशांतून पश्चिमेकडे गेलें आहे. संस्कृत ‘उपल’, त्यावरून ग्रीक ‘ओपालिओस’ आणि पुढें लॅटिन ‘ओपालुस’, असा त्याचा प्रवास सांगतात. उपल म्हणजे साधा दगड. आपल्या कानाला त्या शब्दांत रत्नाचा सुगावाही लागत नाहीं. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत हिंदुस्थान हीच ओपलची एकमेव जन्मभूमि, असें लिहून ठेवलें. त्याची माहिती बरोबर नव्हती. रोमन लोकांच्या हातीं येणारे ओपल बहुधा आजच्या स्लोव्हाकियांतील डोंगरांतून, म्हणजे पुढें ज्या हंगेरीच्या खाणी म्हणून प्रसिद्धीस आल्या तेथून, निघत असावेत.

याच प्लिनीनें नोनियस नांवाच्या एका सेनेटरची गोष्ट सांगितली आहे. नोनियसजवळ साधारण सुपारीएवढ्या ओपलची एक अंगठी होती. तिची किंमत वीस लक्ष सेस्टर्स. ती अंगठी मार्क अँटनीच्या डोळ्यांत भरली आणि त्यानें नोनियसचें नांव राज्यांतून बहिष्कृत करावयाच्या लोकांच्या यादींत घातलें. नोनियस सर्व मालमत्ता मागें टाकून पळाला. बरोबर घेतली ती फक्त अंगठी. प्लिनीला अँटनीच्या क्रौर्याइतकेंच नोनियसच्या हट्टाचें नवल वाटलें. रानांतील जनावरसुद्धां शिकारी ज्या अवयवासाठीं पाठलाग करतो तो अवयव स्वतः तोडून टाकून जीव वांचवितें, अशी त्या काळीं समजूत होती. मनुष्याला तेवढेंही सुचलें नाहीं, असा प्लिनीचा अभिप्राय आहे. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट एकच. या सगळ्या प्रकरणांत त्यानें दगडाला कोठेंही दोष दिलेला नाहीं. त्याच्या दृष्टीनें दोषी होतीं तीं दोन माणसें.

ओपलचें द्रव्य पाहूं गेल्यास त्याच्याइतकें गरीब रत्न दुसरें नाहीं. वाळू ज्या सिलिकेची झालेली असते तीच सिलिका, आणि तिच्यांत अडकलेलें पाणी. आपले जवाहिरे हिऱ्याचें ‘पाणी’ पाहतात तें केवळ बोलण्यांतलें. हिऱ्यांत पाण्याचा थेंब नसतो. ओपलांत मात्र खरेंखुरें पाणी असतें, बहुधा वजनाच्या शेंकडा तीन ते दहा भागांपर्यंत, आणि तें उडून गेलें कीं दगडाला बारीक तडे जाण्याचा संभव असतो. त्याच्या पोटांत जो लाल, हिरवा, निळा रंगांचा खेळ दिसतो तो कोणत्याही रंगद्रव्याचा नव्हे. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून असें दाखवून दिलें कीं, उत्तम ओपल हा सिलिकेच्या अत्यंत सूक्ष्म गोळ्यांच्या रांगांवर रांगा रचून झालेला असतो. एक गोळी म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारें पांच हजारावा भाग. गोळ्या सारख्या आकाराच्या आणि रांगा सरळ असल्या म्हणजे त्यांवरून परतणारा प्रकाश रंगारंगांनीं वेगळा होतो. रचना विस्कळित असली तर तीच सिलिका आणि तेंच पाणी निस्तेज, दुधट दगड होऊन पडतें. ज्याला लोक चंचल म्हणतात त्याच्या अंगीं ही अशी कडक शिस्त आहे.

मग याची अपकीर्ति आली कोठून? तिच्यामागें कारणें अनेक असतील. ठिसूळ असल्यामुळें कोंदणांत बसवितांना तो तडकतो आणि कारागिराला नुकसान सोसावें लागतें, हेंही एक असेल. परंतु तिचा मोठा प्रसार झाला तो एका कादंबरीमुळें. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘अ‍ॅन ऑफ गायरस्टाइन’ या १८२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत हर्मायनी नांवाच्या एका गूढ स्त्रीची हकीकत येते. तिच्या केसांत एक ओपल असतो. त्यावर मंत्रपूत जलाचा थेंब पडतांच तो ठिणगीसारखा चमकून फिका पडतो आणि तिचाही थोडक्याच वेळांत अंत होतो. ही कादंबरींतील एका पात्रानें दुसऱ्याला ऐकविलेली आख्यायिका आहे. ओपलनें कोणाचें वाईट केलें असें लेखक स्वतः सांगत नाहीं. पण वाचकांनीं तेवढेंच उचललें, आणि त्यानंतर कित्येक वर्षें इंग्लंडांत ओपलचा बाजार उतरला, असें रत्नव्यापाराच्या इतिहासांत वारंवार सांगितलें जातें. म्हणजे या आरोपीविरुद्धचा मुख्य पुरावा कोणता, तर नीट न वाचलेली एक कादंबरी! शिवाय हा आरोप देशोदेशीं सारखाही नाहीं. आपल्या परंपरेंतील नवरत्नांत ओपलला स्थान नाहीं. तथापि अलीकडे आपले ज्योतिषी शुक्र प्रबळ व्हावा म्हणून, हिरा परवडत नसेल त्याला, ओपल वापरण्यास सांगतात. लंडनांत जो दगड विवाहाला घातक, तोच पुण्यामुंबईंत विवाह जुळविणारा. अशा साक्षीवर कोणतेंही न्यायालय कोणालाही शिक्षा करणार नाहीं.

आणि तरीही शिक्षा झाली. राणी व्हिक्टोरियाला ओपल आवडत. तिचा पति अल्बर्ट यानें हिंदुस्थानी दागिन्यांच्या धर्तीवर योजलेला, हिरे आणि ओपल जडविलेला एक मस्तकालंकार १८५३ सालीं तिच्यासाठीं तयार झाला. पुढें १९०२ सालीं राणी अलेक्झांड्रा हिनें, ओपल अशुभ मानून, त्यांतील ओपल काढवले आणि त्यांच्या जागीं माणकें बसविलीं. त्याच वर्षीं तिच्या राज्यारोहणाच्या मुकुटांत कोहिनूर जडविला होता. हा हिरा १८४९ सालीं लाहोरच्या तहानें दहा वर्षांच्या महाराज दुलीपसिंगाच्या दरबाराकडून घेतला गेला, हें सर्वश्रुत आहे. कोहिनूरलाही एक अपशकुन चिकटलेला आहे, पण तो असा कीं, तो पुरुषांना बाधतो, स्त्रियांना बाधत नाहीं! तेव्हां राणीला तो निर्धोक होता. एका मस्तकावरून निरपराध सिलिका उतरविली गेली. त्याच मस्तकावर एका मुलाच्या हातून गेलेलें रत्न चढविलें गेलें. आणि शुभाशुभाच्या शास्त्राप्रमाणें दोन्ही कृत्यें अगदीं बिनचूक होतीं. ज्या शास्त्रानें असा निकाल लागतो त्या शास्त्राचा प्रश्नच कोठेंतरी चुकलेला असला पाहिजे.

आतां हिरा. लाव्हाझिए यानें १७७२ सालीं हिरा जाळून पाहिला आणि १७९७ सालीं स्मिथसन टेनंट यानें हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, कोळशाचा सख्खा भाऊ, हें सिद्ध केलें. द्रव्यदृष्ट्या दोन्ही रत्नें सारखींच सामान्य. एक वाळूचा नातलग, दुसरा कोळशाचा. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत, बोर्निओचा अपवाद सोडल्यास, जगाला हिरे पुरवीत असे तो आपलाच देश. साहजिकच हिऱ्यांच्या परीक्षेचें शास्त्रही येथें फार सूक्ष्म झालें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. कावळ्याच्या पायासारखी खूण, माशीसारखा डाग, केसासारखी रेघ असे हिऱ्याचे दोष त्यांत सांगितले आहेत, आणि दुश्चिन्हांचा हिरा धारण करणाऱ्याच्या आप्तांचा, वैभवाचा व आयुष्याचा नाश करतो असें फळही सांगितलें आहे. कोणत्या प्रदेशांत कोणत्या रंगाचा हिरा सांपडतो याचीही नोंद आहे. नाहीं तो फक्त हिरा खणून काढणारा मनुष्य. दोष पाहावयाचा तो दगडांत, आणि त्याचें फळ भोगावयाचें तें धारण करणाऱ्यानें. यांपलीकडे या शास्त्राची नजर जात नाहीं.

ती नजर जेथें गेली नाहीं तेथें एक परदेशी व्यापारी गेला. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकांत कृष्णेच्या कांठच्या कोल्लूर येथील खाणीवर गेला तेव्हां तेथें सुमारें साठ हजार माणसें कामाला होतीं. पुरुष खणीत, बायका आणि मुलें माती वाहून नेत. दुसऱ्या एका खाणीवर मजुराची वर्षाची कमाई अवघी तीन होन असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. आणि हीं माणसें आपल्या कामांत वाकबगार असत, असेंही तो सांगतो. त्यांच्यावर पाहरेकऱ्यांची दाट फळी असे, तरी एकानें डोळ्याच्या कोपऱ्यांत हिरा दडविल्याचें त्याच्या पाहण्यांत आलें. पोटासाठीं डोळ्यांत दगड घालून घेणाऱ्या त्या माणसाला ताव्हेर्निए चोर म्हणतो. आपण काय म्हणावें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

सुमारें १७२५ सालीं ब्राझीलमध्यें हिरे सांपडले. युरोपांतील व्यापाऱ्यांनीं प्रथम ते हिणकस ठरविले, आणि म्हणून पोर्तुगीजांनीं ते गोव्यास नेऊन तेथून हिंदुस्थानचा माल म्हणून युरोपास रवाना केले, असें सांगतात. दीडदोनशें वर्षांनीं ऑस्ट्रेलियाचे ओपल लंडनास आले तेव्हां त्यांच्याविषयींही असाच संशय घेतला गेला. नवें तें खोटें, हा बाजाराचाही एक अपशकुनच. पण ब्राझीलच्या हिऱ्यांत खोटें कांहीं असेल तर तें दगडांत नव्हतें. ते वाळूंतून धुवून काढणारे लोक आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम होते.

जॉन मॉ हा इंग्रज खनिजशास्त्रज्ञ त्या प्रदेशांत हिंडून आला आणि त्यानें १८१२ सालीं आपलें प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें. तो सांगतो कीं, ज्या गुलामाला साडेसतरा कॅरटचा हिरा सांपडे त्याच्या डोक्यावर फुलांची माळ घालून त्याला मिरवीत अधिकाऱ्याकडे नेत आणि त्याच्या मालकाला मोबदला देऊन त्याला मुक्त करीत. त्याहून लहान हिऱ्याला कपडे, टोपी, सुरी अशीं बक्षिसें असत. मॉ तेथें असतांना एका गुलामाला एक मोठा हिरा सांपडला. तो पुरेसा भरावा अशी अधिकाऱ्यांसकट सर्वांचीच इच्छा होती. तागडींत घातल्यावर तो साडेसोळा कॅरट भरला. एक कॅरट कमी. सर्वांना त्या माणसाबद्दल वाईट वाटलें, असें मॉ लिहितो.

एक कॅरट म्हणजे आपल्या जुन्या मापानें दीड गुंजेहून थोडें अधिक. त्या तागडीजवळ उभें असलेले लोक दुष्ट नव्हते. त्यांना वाईट वाटलें, हीच या प्रसंगांतील भयंकर गोष्ट आहे. नियम मोडावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. मनुष्याचें स्वातंत्र्य दगडाच्या वजनानें मोजण्याची पद्धत एकदां रूढ झाली म्हणजे सहृदय माणूसही कांट्याकडेच पाहत राहतो, आणि कांटा खरा आहे एवढ्यावरच न्याय झाला असें समजतो.

आपल्या अंगठींतील हिरकण्या मात्र बहुधा यापुढच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या. तेथें १८६७ च्या सुमारास हिरा सांपडला, १८७१ सालीं किंबर्लेची खाण सुरू झाली आणि १८८८ सालीं डी बिअर्स कंपनी एकत्रित स्वरूपांत उभी राहिली. ब्राझीलमध्यें त्याच १८८८ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. किंबर्लेचे मजूर गुलाम नव्हते. ते करारानें आलेले होते. परंतु कराराची मुदत संपेपर्यंत त्यांना चहूंकडून बंद अशा वाड्यांत राहावें लागे. हिरे बाहेर फेंकतां येऊं नयेत म्हणून त्या वाड्यांवर तारेची जाळी असे. कामावरून परततांना अंग उघडें करून झडती होई, आणि घरीं जाण्यापूर्वीं, एखादा हिरा गिळलेला असल्यास तो पडावा म्हणून, मजुराला कांहीं दिवस कोंडून ठेवीत. ज्या हिऱ्यानें एका घरांत विवाहाचें वचन दिलें जाई, त्याच्यासाठीं दुसऱ्या एका माणसाचें शरीर असें परकें होऊन जाई.

दोघांचेही कागद पाहून झाले. आतां अपशकुनाचा प्रश्न काय असतो तें नीट पाहूं. ‘या रत्नापासून मला कांहीं इजा पोंचेल काय?’ हा तो प्रश्न. ‘या रत्नासाठीं कोणाला इजा पोंचली काय?’ हा प्रश्न त्यांत कोठेंच नाहीं. पहिला प्रश्न पुढें पाहतो आणि स्वतःकडे पाहतो. दुसरा मागें पाहतो आणि परक्याकडे पाहतो. पहिल्याचें उत्तर ज्योतिषी देतो आणि त्यावर तोडगाही सुचवितो. दुसऱ्याचें उत्तर इतिहास देतो, आणि त्याच्यापाशीं तोडगा नसतो. म्हणूनच मनुष्याला पहिला प्रश्न प्रिय वाटतो. मला तर कित्येकदां असें वाटतें कीं, अपशकुन ही आळसावलेली सदसद्विवेकबुद्धीच आहे. वस्तूंत कांहींतरी बिनसलेलें आहे एवढें तिला अंधुक जाणवतें, पण चौकशीचे श्रम नकोत म्हणून ती हाताशीं सांपडेल त्या गरीब दगडावर ठपका ठेवून मोकळी होते.

या विषयाला अलीकडे एक नवें वळण मिळालें आहे. परदेशीं राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीनें मध्यंतरीं मला लिहिलें कीं, वाङ्निश्चयासाठीं नवा हिरा न घेतां शंभरसवाशें वर्षांची जुनी अंगठी घ्यावी असा तिचा विचार आहे. कारण जुन्या अंगठीसाठीं नव्यानें कोणाला खणावें लागत नाहीं, म्हणून ती निर्दोष. हें मत आज पुष्कळ विचारी तरुणतरुणींचें आहे आणि तें आदरास पात्र आहे. त्यांतील पहिलें अर्ध निःसंशय खरें आहे. जुनी अंगठी घेतल्यानें नवी खाण खणली जात नाहीं, हा लहानसा लाभ नव्हे. प्रश्न आहे तो दुसऱ्या अर्धाचा. केवळ काळ लोटल्यानें वस्तु निर्दोष होते काय?

कायदा एका अर्थानें होय म्हणतो. मुदतीच्या कायद्यानें जुने दावे बाद होतात. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षें उघडपणें व मालकाच्या विरुद्ध कबजा राखणाऱ्याला तिच्यावर हक्क सांगतां येतो. पण हें कशासाठीं? साक्षीदार मरतात, कागद हरवतात, आणि समाजाला कोठेंतरी शांतता हवी असते यासाठीं. जें अन्याय्य होतें तें तेरा वर्षांनीं न्याय्य झालें, असें कोणताही कायदेपंडित म्हणणार नाहीं. मुदत ही न्यायालयाच्या सोयीची गोष्ट आहे. सदसद्विवेकबुद्धीला ती लागू करूं पाहणें म्हणजे कचेरीची सुट्टी सूर्यालाही लागू करण्यासारखें आहे.

याहून सूक्ष्म विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनीं केलेला आहे. पाप आणि ऋण यांत ते भेद करतात. ऋणाच्या बाबतींत याज्ञवल्क्यानें घालून दिलेला नियम असा कीं, मृताची मालमत्ता ज्याच्या हातीं आली त्यानें त्याचें देणें फेडावें. याला अपवादही आहेत. बापानें दारू, जुगार किंवा स्त्रीलंपटपणा यांपायीं केलेलें ऋण मुलावर येत नाहीं. कोणी म्हणेल कीं, खाणमालकांचा अन्याय हाही असाच अपवादांत बसेल. मला तसें वाटत नाहीं. जुगारांत उडालेल्या पैशाचें कांहींच मुलाच्या हातीं उरलेलें नसतें. अंगठी मात्र बोटांतच आहे. पाप कर्त्याबरोबर गेलें. किंबर्लेच्या वाड्याला जाळी घालणाऱ्याचा अपराध आजच्या वधूच्या माथीं मारणें हा नवाच अन्याय होईल. परंतु ऋण वस्तूच्या मागोमाग चालत येतें, आणि जो वस्तु स्वीकारतो त्यानें तें स्वीकारलेलेंच असतें. जुनी अंगठी निष्पाप असूं शकेल. ऋणमुक्त ती नव्हे.

यावर एक आक्षेप सहज येईल. असें पाहूं लागल्यास जगांत निष्कलंक काय उरेल? आपल्या ताटांतला भात, अंगावरचें कापूस, पायांखालचा रस्ता, सर्वांमागें कोणाच्या तरी घामाचा न चुकविलेला हिशेब आहे. आक्षेप खरा आहे, पण त्यानें प्रश्न सुटत नाहीं. उलट अलंकाराच्या बाबतींत तो अधिक तीव्र होतो. अन्नवस्त्रावांचून मनुष्य राहूं शकत नाहीं, आणि जेथें निरुपाय असतो तेथें दोषाचें ओझें थोडें हलकें होतें. अलंकार हा पुरेसें झाल्यानंतरचा अधिक आहे. त्यांत निरुपाय नाहीं, केवळ आवड आहे. रस्किननें १८५३ सालीं ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथांत कांचेच्या मण्यांविषयीं हाच विचार मांडला. मणी तोडणाऱ्या मजुरांचे हात सारख्या कामानें कांपरे होतात; असे मणी विकत घेणारी तरुणी गुलामांच्या व्यापाराला हातभार लावीत असते, असें तो सांगतो. शब्द कडक आहेत, पण ते अजून जुने झाले नाहींत. खंबायत येथें अकीक कापून, घांसून मणी करणाऱ्या कामगारांना सिलिकेची धूळ फुप्फुसांत जाऊन होणारा सिलिकोसिस हा आजार मोठ्या प्रमाणावर जडतो, हें वैद्यकीय पाहण्यांतून वारंवार दिसून आलें आहे. अकीक हा ओपलचाच जवळचा नातलग, तीच सिलिका. त्याच्या मण्याला अपशकुनी कोणी म्हणत नाहीं, आणि तो स्वस्तही असतो. तो स्वस्त कां, याचें अर्धें उत्तर त्या कामगारांच्या छातींत आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, आतां यासाठीं नियम झालेले आहेत. खरें आहे, सिएरा लिओनच्या यादवी युद्धासारख्या प्रसंगांनंतर २००३ पासून ‘किंबर्ले प्रक्रिया’ नांवाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था अंमलांत आली. पण तिच्या व्याख्येप्रमाणें दूषित हिरा म्हणजे कायदेशीर सरकारांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरविणारा कच्चा हिरा. जो हिरा बंडखोरानें नव्हे तर सरकारी अधिकाऱ्यानें मजुराला मारहाण करून मिळविला, तो त्या व्याख्येंत बसत नाहीं. पुनः तोच तागडीचा न्याय: कांटा खरा, म्हणून सर्व ठीक. प्रयोगशाळेंत केलेला हिराही आज मिळतो आणि तो पुष्कळ स्वस्त असतो. त्यानें खाणीचा प्रश्न टळेल. जुन्या अंगठीचा प्रश्न मात्र जेथल्या तेथें राहील.

मग हें ऋण फेडावयाचें कसें? अंगठी समुद्रांत टाकून तें फिटणार नाहीं. त्यानें ज्यांनीं सोसलें त्यांचें सोसणें अधिकच फुकट जाईल. ती मिरवूं नये असेंही माझें म्हणणें नाहीं. सौंदर्य हें खोटें बोलत नसतें, खोटें बोलतें तें त्याला आपण दिलेलें ‘निर्दोष’ हें विशेषण. या अंगठीच्या आंतल्या बाजूला बारीक ठसे असतात. जहाजाचा नांगर असला तर सोन्याची परीक्षा बर्मिंगहॅमला झाली. शेजारचें अक्षर पाहून ती कोणत्या वर्षीं झाली हेंही सांगतां येतें. सोन्यांत भेसळ नाहीं याची साक्ष सव्वाशें वर्षांनंतरही अशी चोख मिळते, कारण समाजाला ती हवी होती. ओपल कोणीं खणला, हिरा कोणीं शोधला, याचा ठसा नाहीं, कारण तो कोणालाच नको होता. आपल्याकडेही सोन्याच्या दागिन्यांवर २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला आहे आणि प्रत्येक दागिन्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. धातूच्या शुद्धतेची काळजी आपणही उत्तम घेतों. जो ठसा अंगठीवर नाहीं तो ती धारण करणाराच्या स्मरणांत असावा, हा ऋणाचा पहिला हप्ता. आणि मृताचें देणें त्याच्या वारसाला द्यावयाचें असतें. त्या खणणाऱ्यांचे वारस आज जेथें जेथें धुळींत आणि चिखलांत बसलेले आहेत, तेथें स्वस्ताईच्या मोहाला आवर घालणें आणि त्यांच्या मजुरीची व आरोग्याची चौकशी करणें, हा दुसरा.

शेवटीं अपशकुन मानणाऱ्यांच्या बाजूनें एक शब्द सांगितला पाहिजे. वस्तु मुकी नसते, ती आपल्याबरोबर पूर्वींचें कांहींतरी घेऊन येते, ही त्यांची भावना मुळांत चुकीची नाहीं. त्यांची चूक दिशेची आहे. जें घडून गेलें आहे त्याची ते पुढें वाट पाहतात. साडेसोळा कॅरटचा तो ब्राझीलचा हिरा पुढें कोठें गेला, त्याचे किती तुकडे झाले आणि ते कोणत्या अंगठ्यांत बसले, हें आतां कोणालाही सांगतां येणार नाहीं. तो कोणाच्या तरी बोटांत असेल, आणि तेथें त्यानें धारण करणाऱ्याचें कांहींएक वाईट केलेलें नसेल. जें वाईट व्हावयाचें तें, तो तागडींत घातला त्या दिवशींच होऊन चुकलें होतें.